स्वखुशीने घेतलेले अकरा दाखले

परतूर,
२ सप्टेंबर १९९७

प्रिय वसंता,

शाळेत तुला 'सर' म्हणावं लागतं. इथे म्हणणार नाही. मला मुख्याध्यापकाशी नाही, जालन्याला बी.एड.च्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या वसंताशी बोलायचं आहे.

तो म्हणायचा, मूल नापास झालं तर आधी मास्तर नापास. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते. तुझ्या वडिलांच्या संस्थेत नोकरीला आले ती त्या एका वाक्याच्या भरवशावर. आता तुझ्या खोलीबाहेर फलक आहे, 'सलग चार वर्षे दहावीचा निकाल शंभर टक्के'. तो कसा लागतो ते जूनमध्ये कळलं. नववीत काठावर पास झालेल्या अकरा मुलांच्या पालकांना बोलावून तू हातात दाखले ठेवलेस आणि म्हणालास, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. म्हणजे मुलं पडली तरी आपली नव्हेत. 'स्वखुशीने दाखला घेत आहे' अशा अर्जांवर अंगठे उमटले. वर्गशिक्षिका म्हणून खाली मी सही केली. तुझ्याच पेनाने.

दुसऱ्या दिवशी त्या अकरांतल्या द्वारकाचा बाप, मेंढरं राखणारा रायभान, पेढे घेऊन आला. त्याच्या पुतण्याला दहावी पास झाल्यावर दाखला मिळाला होता, म्हणून दाखला म्हणजे पास असंच त्याच्या डोक्यात. "बाई, आमची द्वारकी तं येक साल आधीच सुटली! लय हुशार निघाली." मागे द्वारका उभी होती. तिला सगळं कळत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी पेढा खाल्ला. तुला येऊन सांगितलं तर तू पोट धरून हसलास. "बाप खूश आहे ना? मग तू कशाला मास्तरकी करतेस?" मास्तरकी नाही तर काय करायला आलो होतो आपण?

पाचवीपासून तिला अपूर्णांक येत नाहीत. पाच वर्षं ती कुणाच्या वर्गात बसत होती, वसंता? शेजारच्या गावात? आता दिवाळीनंतर तिचं लग्न धरलंय. मुलाकडच्यांना 'धावी पास' सांगितलंय. मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले आणि खरं काय ते सांगितलं. वाटलं, रायभान शिव्या देईल.  तो एवढंच म्हणाला, "मंग त्या दिवशी पेढा कामून खाल्ला, बाई?"

उद्या चौकशीला शिक्षणाधिकारी साहेब येत आहेत. तक्रारीचा अर्ज कुणी केला म्हणून तू शिपाई पुंजारामला फैलावर घेतलंस. त्या गरिबाला सोड. मी केला. पहिल्या ओळीत लिहिलंय, दाखल्यांचे ते अर्ज स्वखुशीचे नव्हते हे ठाऊक असून मी सही केली. त्यापायी माझी नोकरी जाईल, जाऊ दे. दुसऱ्या ओळीत तुझं नाव आहे. अकरा नावं पटावर परत चढल्याशिवाय मी अर्ज मागे घेणार नाही. तू दुसऱ्याकडून ऐकावंस आणि मी लपून वार केला म्हणावंस, एवढं सुख तुला द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. आणि रविवारी तुझी आई लग्नाची बोलणी करायला आमच्याकडे येणार होती. तिला पाठवू नकोस.

जूनपर्यंत तुझीच असलेली,
उषा