मिटलेलं उघडत नाही

४ मार्च

पोचले एकदाची. इस्पितळाच्या वरच्याच मजल्यावर दोन खोल्या दिल्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाडांची रांग दिसते, आणि नळाला पाणी असं धो धो येतं की मी उगीचच दोनदा हात धुतले. मोठ्या शहरातल्या इस्पितळात बारा महिने घाण्याला जुंपल्यासारखी सोनोग्राफी करत होते. बाहेर रांग, आत मी. इथे बाळंतपणाचं छोटंसं इस्पितळ, दिवसाला चार-दोन बायका, बस्स.

डॉक्टरीणबाई स्वतः जिन्यापर्यंत घ्यायला आल्या. कमी बोलतात, पण चहा स्वतःच्या हाताने ओतून देतात. मेट्रनबाईंनी माझी एक बॅग हट्टाने उचलली आणि अर्ध्या जिन्यात दम लागल्यावर तिच्यावरच बसून घेतलं. म्हणाल्या, सोनोग्राफीची ही जागा बरीच वर्षं रिकामी होती. तपासणीसाठी बायकांना बसने दुसऱ्या गावी जावं लागायचं. मशीन नवंकोरं आहे, बटणांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून कोणी काढलं नव्हतं. मी काढलं. काय समाधान असतं त्यात.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. आई गेल्यापासून तिला मीच वाढवलं, आता तीच मला दटावते. म्हणाली, ताई, आता तरी जरा झोप काढ. म्हटलं, उद्यापासून.

९ मार्च

दिवसाढवळ्या अंधारात बसायची नोकरी आमची. पडदे ओढायचे, जेलीची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, म्हणजे पोटाला गार लागत नाही. एवढ्यानेही बायका सैलावतात.

आज कपडे शिवणारी एक जण आली होती. पहिलटकरीण, तिसरा महिना संपत आलेला. पोटातली मुलं एरवी हट्टी असतात. पाठ करून पडतात, आईला खोकायला लावावं लागतं, चालवून आणावं लागतं. हे मात्र मशीनचा प्रोब पोटावर टेकवल्याबरोबर वळलं आणि थेट समोर तोंड करून राहिलं. म्हटलं, मोठं गुणाचं आहे, बोलावल्याबरोबर आलं. ती एवढी हसली की चित्र हलायला लागलं.

पाठीवरची पांढरी रेघ कसली, असं तिने विचारलं. आम्ही सांगत बसत नाही, पण इथे वेळ होता. सांगितलं, की सुरुवातीला तिथे नुसता एक सपाट पापुद्रा असतो. त्याला मधोमध पन्हळ पडते, दोन्ही कडा उचलल्या जातात आणि एकमेकींना भेटून नळी होते. मानेपाशी मिटायला लागते, मग वर डोक्याकडे आणि खाली माकडहाडाकडे, बॅगेला दोन चेन असाव्यात तशी. वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालचा मज्जारज्जू. हे सगळं महिन्याभरात उरकतं, आईला दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आत.

ती म्हणाली, म्हणजे शिलाई आतून घातलेली. म्हटलं, हो, आणि नीट बसली आहे. कवटी गोल, पाठ मिटलेली. खुशाल जा.

२७ मार्च

रोज तेच, आणि मला तेच हवं होतं. आज शाळेतल्या शिक्षिका येऊन गेल्या. त्यांचंही वळलं, अगदी प्रोबकडे. बाकीच्यांची नेहमीसारखी आडवीतिडवी. फोटो सुंदर आला, शिक्षिकाबाईंनी दोन प्रती मागितल्या.

झोप होते, पण शीण जात नाही. गेल्या कित्येक वर्षांचा साचलेला असेल. घाई कशाला, जाईल हळूहळू.

धाकटीचा फोन. तिला दिवस गेले आहेत. दोन वेळा हातातोंडाशी येऊन गेलं, म्हणून तिने इतके दिवस मलाही सांगितलं नव्हतं. तिकडे तपासणी झाली, सगळं ठीक आहे. मी फोन ठेवून थोडी रडले. मग भांडी घासली.

१० मे

शिवणकामवाली पाचव्या महिन्याची तपासणी करायला आली. बाळंतविड्याला झबली बेतून ठेवली आहेत, गळा मोठाच ठेवला आहे, बाळांची डोकी मोठी असतात ना, असं सांगत होती.

डोळ्यांच्या वर काही नव्हतं.

कवटीचं छप्परच नाही. कपाळ जिथे सुरू व्हावं तिथे कड, आणि कडेच्या वर नुसतं पाणी. मी प्रोब फिरवत राहिले. वरून, बाजूने, खालून. हृदय चांगलं चालू होतं, हातपाय हलत होते. ते समोर तोंड करूनच होतं.

चेहरा दगडासारखा ठेवायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ठेवला. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी तिला सांगितलं, जितक्या हळू सांगता येईल तितकं. मेंदू तयार झालेला नाही, जन्मलं तरी काही तासच. ती बाईंकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना, शिलाई नीट आहे?”

११ मे

बाईंनी मशीनमधले मार्चचे फोटो काढायला लावले. कवटी गोल, अखंड. वर तिचंच नाव, तारीख. बाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, मिटलेलं उघडत नाही. ते एकदाच मिटतं, चौथ्या आठवड्यात, नाहीतर मिटतच नाही. तेव्हा हे फोटो दुसऱ्या कोणाचे तरी असणार, नावांची अदलाबदल झाली असेल. यापुढे जपून.

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ मे

शिक्षिकाबाई.

कवटी आहे, पण पुढून लिंबासारखी चेपलेली. ते दिसलं आणि हात आपसूक खाली कमरेकडे गेला, कारण डोक्याचा तो आकार खालची बातमी सांगतो. मणके दोन ओळींत सरळ येतात आणि शेवटी फाकतात, उघड्या दारासारखे. मधे पाण्याची पिशवी.

बाईंनी त्यांना समजावलं, की ही मुलं जगतात, शस्त्रक्रिया होते, काही जण आधाराने चालतातही, शाळेत जातात. शिक्षिकाबाई म्हणाल्या, माझ्या वर्गात आहे एक, फार हुशार आहे. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. इस्पितळ बंद व्हायची वेळ झाली तरी बसून होत्या. शेवटी त्यांचा नवरा येऊन हाताला धरून घेऊन गेला.

जुने फोटो मीच काढले. मणके दोन ओळींत, खालपर्यंत मिटलेले. या वेळी अदलाबदल झाली असं बाई म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, थोडे दिवस विश्रांती घ्या, तुम्ही फार थकलेल्या दिसता.

थकलेली आहेच. पण मला दिसतं नीट.

२४ मे

शिवणकामवाली आली. ती वाढवणार आहे. जितका वेळ मिळेल तितका मांडीवर घेईन म्हणाली. आज तपासायचं काही नव्हतं, तिला नुसतं बघायचं होतं. नाही म्हणवेना.

कोणासारखं दिसतं, असं तिने विचारलं. नाक तुमचं आहे, म्हटलं. खरंच होतं. तिने पडद्यावर हात ठेवला. ते तिच्या हाताकडे वळलं नाही. माझ्याकडे तोंड करून होतं. मी प्रोब डावीकडे नेला, ते डावीकडे वळलं. उजवीकडे नेला, उजवीकडे. मेंदू नाही त्याला. काही कळायचं कारण नाही.

ती गेल्यावर सगळ्यांचे फोटो पुन्हा पाहिले. बाकी बायकांची मुलं धडधाकट आहेत. मार्चमध्ये वळली होती ती ही दोनच. आणि एप्रिलमध्ये पोस्टात काम करणारीचं. तिची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

२८ मे

पोस्टातल्या बाईंचंही. वरचं टोक उघडं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः पाहिलं, मी खोलीत गेलेच नाही.

मेट्रनबाईंनी जिन्यात गाठलं. माझ्या आधी या जागेवर जे गृहस्थ होते, त्यांच्या वेळीही असंच सुरू झालं होतं म्हणाल्या. ते सोडून गेले आणि मधल्या सगळ्या वर्षांत गावात असं एकही मूल नाही. मला आधी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाल्या, काय सांगणार होते, आणि तुम्ही विश्वास ठेवला असतात?

३० मे

त्या गृहस्थांना भेटून आले. गावाबाहेर रोपवाटिका आहे त्यांची. पिशव्यांत माती भरत होते. उठले नाहीत, पण ओळखलं. एकच विचारलं, तोंड फिरवतात का तुमच्याकडे?

हो म्हटलं.

त्यांनी पुढची पिशवी घेतली. म्हणाले, आपण त्यांना बघतो असं आपल्याला वाटतं. जे आपल्याकडे बघतं, ते उघडत जातं. का, ते त्यांना माहीत नाही. मशीन बदलून पाहिलं, खोली बदलून पाहिली. मग बघायचंच सोडलं. उठताना म्हणाले, “आपल्या घरचं कोणी तपासणीला यायच्या आत निघा. मला उशीर झाला होता.”

त्यांच्याकडे कोण आलं होतं, ते विचारायचा धीर झाला नाही.

१ जून

राजीनामा दिला. बाई म्हणाल्या महिनाअखेरपर्यंत थांबा, तोवर तपासण्या मी करीन. थांबते. सामान बांधायचंही त्राण नाही.

३ जून

धाकटी आली. न कळवता. पाचवा महिना. दारात उभी, हातात बॅग, दमलेली आणि हसतेय. तिला तपासणी माझ्याकडूनच करून घ्यायची आहे. दुसऱ्या कोणावर विश्वास नाही.

नाही म्हटलं. मी रजेवर आहे, बाई करतील. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, जगाच्या लेकरांना बघतेस आणि माझ्याला नाही?

काय सांगू. काही सांगितलं तर भीतीनेच —

रात्री ती माझ्या कुशीत झोपली, लहानपणी झोपायची तशी. तिच्या पोटाकडे पाठ करून पडले.

४ जून

तिला परत पाठवायचं. परवाची गाडी मिळाली आहे. ती बोलत नाही माझ्याशी. चालेल. जन्मभर नाही बोलली तरी चालेल.

५ जून, दुपार

बाई परगावी. सकाळी धाकटीच्या अंगावरून रक्त जायला लागलं. खूप. रुग्णवाहिका बाहेर गेलेली, यायला वेळ. बाईंना फोन लावला. म्हणाल्या, ठोके बघा, वार कुठे आहे बघा, त्याशिवाय औषध सांगता येत नाही. तुम्हीच बघा, दुसरं कोण आहे?

दुसरं कोणी नव्हतं.

मी डोळे मिटून केलं. पडदा मेट्रनबाईंकडे फिरवला. हात माझा, डोळे त्यांचे. काय दिसतं ते त्या सांगत गेल्या, मी त्याचा अर्थ बाईंना फोनवर सांगितला. ठोके आहेत. वार खाली आहे, पण पिशवीच्या तोंडावर नाही. बाईंनी इंजेक्शन सांगितलं, दिलं. थांबलं.

एकदाही उघडले नाहीत. आईशप्पथ.

धाकटी रडता रडता हसायला लागली. म्हणाली, “ताई, बघ ना. तुझ्याकडेच वळतंय.”

मी प्रोब काढून घेतला.

नंतर

ती शेजारच्या खोलीत झोपली आहे. सुखरूप. दोघंही. मी पाहिलं नाही. न पाहिलेलं —

तोंड धुवायला गेले. डोळ्यांवर पाणी मारलं. डोळे मिटले आणि

दिसलं. काळ्यावर पांढरं. नाक धाकटीचं.

खुर्चीत बसले आहे. खिडकी उघडी, लख्ख ऊन. डोळे उघडे ठेवले की काही नाही, भिंत आहे, टेबल आहे. मिटले की तिथेच. समोर तोंड करून. पापणी लवते तेवढ्यातसुद्धा.

कवटी गोल आहे. अजून आहे. पाठीचे मणके ओळीत —

पुन्हा लवली. शेवटचे दोन मणके —

नाही मिटणार. बाई संध्याकाळी येतील, त्यांना सांगेन, मला जागं ठेवा म्हणेन. काहीतरी द्या म्हणेन. लिहीत राहिलं की उघडे राहतात. म्हणून लिहितेय. काहीही. भिंत पांढरी. टेबलावर पेला. पेल्यात पाणी. शेजारी ती घोरतेय, लहानपणापासून घोरते, सांगितलं की चिडायची

डोळ्यांतून पाणी. झोंबतंय. बोटांनी धरून ठेवलेत, एका हाताने लिहि

इतकी वर्षं नीट झोपले नाही आणि आजच का अशी

भिंत. पेला. पाणी. भिंत

मान पडतेय. नाही. पेला. धाकटी. भिं

फक्त एकदा, एवढंस्सं, क्षणभर डो