टबाची उंची

दि. ४ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या दादाने अंगणात एक टब आणून ठेवला आहे. टब म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर कपडे भिजवायचं घमेलं येईल, ते पुसून टाक. हा गरम पाण्याचा, चहूबाजूंनी फवारे मारणारा, चौघं पाय पसरून बसतील एवढा टब आहे. पुलापलीकडची व्यायामशाळा बंद पडली, तिचं सामान निघालं, त्यात हा कोपऱ्यात पडलेला दिसला. पंप बंद, हीटर बंद, तळाशी पालींचा संसार. याचं आता काही होणार नाही, असं तिथला मालक म्हणाला. असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात येतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

मला वेड लागलेलं नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, रोज छातीपर्यंत गरम पाण्यात राहून पाय हलवले तर आहे ते चालणं टिकेल, नाहीतर कायमची खुर्ची. बादलीत पाय बुडवून ते होत नाही. सध्या ती वॉकर घेऊन पलंगापासून खिडकीपर्यंत जाते, फार तर अंगणात. तक्रार करत नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दुसरं कारण तू विचारशीलच, म्हणून आधीच कबूल करतो. हात थरथरायला लागले आणि मी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, तेव्हापासून घरात माझा उपद्रव वाढला आहे. स्वयंपाकघरातलं घड्याळ उत्तम चालत होतं, ते मी दुरुस्त केलं. आता ते बंद आहे. बाकीची घड्याळं तुझ्या वहिनीने कपाटात लपवली आहेत. टबाचे भाग मोठे असतात, थरथरत्या बोटांनाही सापडतात.

फाटकाची रुंदी, फरशीचा उतार, पाणी भरल्यावर होणारं वजन, सगळं मोजून घेतलं आहे. तू काळजी करू नकोस. तुझ्या घरी सर्वांना आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून दिसत राहावी.

तुझा
दादा

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसावं की तिकीट काढून निघावं, ते कळेना. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्या बाहीला मी दोनदा तीच टीप घातली. तू लहानपणी आईचं शिलाई मशीन दुरुस्त केलं होतंस, ते आठवतं का? पुढे जन्मभर ते उलटंच शिवायचं. आई त्याचंही कौतुक करायची, म्हणून तू शेफारलास.

पण हेतू ऐकला आणि तोंड बंद केलं. वहिनींना बरं वाटणार असेल तर अंगणात समुद्र आण. फक्त एक माझं ऐक. विजेचं काम विजेच्या माणसाकडूनच करून घे. जरा गळती झाली की क्षणात वीज तोडणारा खटका बसवून घे, आणि तो माणूस होय म्हणेपर्यंत पाण्यात बोटसुद्धा घालू नकोस. यात शहाणपणा केलास तर मी आयुष्यभर बोलणार नाही, आणि मी न बोलणं तुला परवडत नाही.

वहिनी काय म्हणतात? तुझ्या पत्रात त्यांचं एकही वाक्य नाही. त्यांना नमस्कार. आपला लोभ आहे तसाच असू दे, अक्कल थोडी वाढू दे.

तुझी
टाचणी

*

दि. २ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

वीजवाल्याने येऊन खटका बसवला, तारा नव्या टाकल्या आणि मला दोन पावलं लांब उभं केलं. तेवढं एकच काम पहिल्या फटक्यात झालं, कारण ते मी केलं नाही.

बाकीची कथा ऐक. नळ्या जिथे पंपाला जोडतात तिथे प्लास्टिकच्या मोठ्या चाक्या असतात. मी त्या घड्याळाच्या सवयीने दोन बोटांनी हळुवार आवळल्या. टब भरला आणि रात्रीतून अंगणाचं तळं झालं. मग रागाने मोठा पाना घेऊन आवळल्या, तर एक चाकी फाटकन तडकली. चाळीस वर्षांचा कारागीर म्हणून मिरवतो, आणि मला एक तर गोंजारता येतं किंवा तोडता येतं.

नवी चाकी बसवली. म्हटलं टब आधी स्वच्छ धुवावा, म्हणून कपड्यांचा साबण भरपूर घातला, दोनदा खळबळून ओतला आणि नवं पाणी भरून फवारे सुरू केले. नळ्यांत किती साबण उरतो याची मला कल्पना नव्हती. फेस टबावरून उतरला, तुळशीवृंदावन पार करून शेजाऱ्यांच्या दारात गेला. त्यांचं काळं मांजर पांढरं होऊन घरी गेलं. तुझ्या वहिनीने खिडकीतून एवढंच विचारलं, की हे असंच व्हायचं असतं का? मी हो म्हणालो.

पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. आता पंप नुसताच गुणगुणायचा, पाणी हलेना. मी पंप पूर्ण उघडला, एकेक स्क्रू वाटीत मांडला, सगळं ठीक होतं. जोडल्यावर एक स्क्रू उरला. शेवटी नळवाला आला, त्याने एक चाकी जरा सैल केली, फुस्स करून हवा गेली आणि पाणी धावायला लागलं. नळीत हवा अडकली होती, एवढंच. तो चहाही न घेता गेला. बहुधा हसायला गेला असावा.

माझी पाठ मात्र गेली आहे. टबाची भिंत माझ्या कमरेच्याही वर येते. आत तळाशी हात घालायचा तर पोट काठावर टेकवावं लागतं आणि पाय जमिनीवरून सुटतात. कितीदा तरी मी अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा पाय झाडत होतो. तुझी वहिनी अंगणात खुर्ची टाकून हे सगळं बघते. काल पाणी छान तापलं, मी तिला चल म्हणालो. ती म्हणाली, आज नको, उद्या. आज पुन्हा म्हणाली, उद्या. घाबरत असेल. तू जरा समजावून लिही.

तुझा
दादा

*

दि. ७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गिऱ्हाईक थांबवून लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. वहिनींचे कपडे मी लग्नापासून शिवते. त्यांची मापं मला पाठ आहेत. तुझ्या कमरेच्या वर म्हणजे वहिनींच्या बरगड्या. मागच्या खेपेला मी त्यांना पुढून बांधायचा झगा शिवून दिला, तो हौस म्हणून नाही. पाय उचलून कपड्यात घालणं त्यांना जमत नाही म्हणून. कापडाच्या घडीवरून ज्यांचा पाय जात नाही, त्या तुझ्या भिंतीवरून आत कशा जाणार?

फाटक मोजलंस, फरशी मोजलीस. वहिनींना मोजलं नाहीस.

हे वाचून खचू नकोस, आणि त्यांच्यावर चिडू तर मुळीच नकोस. काहीतरी सुचेल. लगेच उत्तर लिही.

तुझी
टाचणी

*

दि. १५ मार्च

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी टबाजवळ गेलो. भिंतीला हात लावून पाहिला. मग तुझ्या वहिनीकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नाही. बारीक बघण्याची एवढी सवय लागली, की माणसाएवढं काही समोर आलं की दिसतच नाही.

तिला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, टेम्पोतून उतरवला तेव्हाच. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे. टाचणी, मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की चिडायलाही जागा उरली नाही. पायऱ्या बांधाव्यात म्हटलं, तर पायऱ्या चढता येत असत्या तर टब लागलाच नसता. जमिनीत पुरावा, तर खाली खडक. शेवटी भंगारवाल्याला निरोप धाडला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीकडे बघण्यात आता मी तरबेज आहे.

भंगारवाला आला तर तुझी वहिनी अंगणातल्या खुर्चीतूनच म्हणाली, विकायचा नाही. मग मला म्हणाली, समोरच्या गॅरेजवाल्याला हाक मारा. दोन वर्षं ती खिडकीत बसून ते गॅरेज बघते आहे. लोखंडी चौकट, वर आडव्या पाइपवर सरकणारी साखळीची कप्पी, एका माणसाने साखळी ओढली की अख्खं इंजिन गाडीतून अलगद वर येतं आणि ठेवायचं तिथे उतरतं. ती म्हणाली, मी इंजिनापेक्षा जड आहे का, ते त्याला विचारा.

गॅरेजवाला हसला नाही. आला, टबाभोवती फिरला, चौकटीसाठी जाड पाइप लागेल म्हणाला. मी त्याला एकच गोष्ट तीनदा विचारली, की माझ्या हातून साखळी सुटली तर? तो म्हणाला, सोडली तरी ही कप्पी जागची हलत नाही, जिथे असेल तिथेच धरून ठेवते. त्याला वाटलं असेल म्हातारा भित्रा आहे. माझे हात तुला माहीत आहेत. ती वर टांगलेली असताना ते थरथरले तर, म्हणून मी चौथ्यांदाही विचारणार आहे.

आता तुझं काम. बसायची झोळी शिवून दे. मापं तुझ्याकडे आहेत, मी काहीही मोजणार नाही.

तुझा
दादा

*

दि. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोबत झोळी पाठवते आहे. जाड किंतानाचं कापड दुहेरी घेतलं आहे, खालून पाठीपर्यंत चार पट्टे फिरवले आहेत आणि प्रत्येक जोडावर चौकटीत उलटसुलट टीप मारली आहे. बॅगा शिवणाऱ्या मैत्रिणीच्या मशीनवर शिवली, माझ्या मशीनच्या सुया मोडल्या. मांडीखाली मऊ अस्तर आहे, वहिनींना काचणार नाही.

आधी वाळूची पोती टांगून बघ. मग तू स्वतः बस. तुला काही झालं नाही, तरच वहिनी. हा क्रम मोडायचा नाही. झोळी पास झाली की लगेच कळव, जीव टांगणीला लागला आहे.

तुझी
टाचणी

*

दि. ५ एप्रिल

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

जीव तुझा टांगणीला लागला असेल, मी मात्र सगळाच लागलो होतो.

चौकट उभी राहिली, पोती टांगून झाली. मग मी झोळीत बसलो आणि तुझ्या वहिनीने खुर्चीत बसून साखळी ओढली. बाईच्या हातात बळ चांगलं आहे. मी डुलत डुलत वर गेलो, भिंतीच्या वर आलो, आणि तेवढ्यात तिला गॅसवरच्या दुधाची आठवण झाली. साखळी सोडली, वॉकर घेतला आणि ती तिच्या चालीने स्वयंपाकघराकडे निघाली. कप्पी खरोखरच जागची हलत नाही. मी हवेत, पाय टबावर, हातात काही नाही. त्यात पोस्टमन आला. त्याने खाली वर पाहिलं, एक रजिस्टर पत्र काढलं आणि सही मागितली. मी लोंबकळत सही केली. सही थरथरलेली आली, पण त्याने कारण विचारलं नाही.

दूध उतू गेलं. झोळी पास.

उद्या तिची पाळी आहे. वीजवाला आणि गॅरेजवाला दोघंही येणार आहेत. मला मस्करी सुचते आहे म्हणजे मी किती घाबरलो आहे ते ओळख. डॉक्टर म्हणाले तसा पाण्याचा उपयोग झाला नाही, तर माझ्याकडे दुसरं काही नाही. तुझी माया पाठीशी असू दे.

तुझा
दादा

*

दि. १४ एप्रिल

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

यांचं पत्र तुम्हाला येईलच, पण पहिल्या दिवसाची हकिगत मीच लिहीन म्हणून मी हट्ट धरला. हे लिहितील तेव्हा सगळी फजिती लिहितील आणि काय झालं ते राहून जाईल.

तुमच्या झोळीत मी बसले तेव्हा तुम्ही मांडीवर घेतल्यासारखं वाटलं. साखळी यांनीच ओढली. गॅरेजवाला म्हणाला, मी ओढतो, तर मी म्हटलं, हेच ओढतील. हात थरथरत होते, चेहरा पांढराफटक, पण कडी कडी मोजल्यासारखी साखळी ओढली. मी भिंतीवरून गेले आणि पाण्यात उतरले. पाणी छातीपर्यंत आलं आणि अंगाचं ओझं कुणी काढून घेतल्यासारखं झालं. मी पाय खाली टेकले. झोळीचे पट्टे सोडले, काठ सोडला, आणि काहीही न धरता उभी राहिले, वन्सं. वॉकर बाहेर फरशीवर एकटा उभा होता. मग एक पाऊल टाकलं, पुन्हा एक. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हे दुसरीकडे बघून पंपावर नसलेली धूळ पुसत होते.

तेव्हापासून रोज जाते. रात्री झोप लागते. कालपासून अंगणातून घरात येताना एकदाही मध्ये थांबावं लागलं नाही.

भिंत मला जमायची नाही हे माहीत असून मी गप्प का बसले, हे तुम्ही झोळीसोबतच्या चिठ्ठीत मला विचारलंत. विचारलंत कुठे, असं मी म्हटलं ते यांनी खरं धरलं. खरं असं की, दुकान बंद झाल्यापासून हे सकाळी उठून कपडे करायचे आणि कुठे जायचं ते न कळून पलंगावर बसून राहायचे. टब आला त्या दिवशी पंपाखाली डोकं घालून शीळ घालत होते. ती शीळ मी वर्षभर ऐकली नव्हती. भिंतीचं बोलले असते तर ती बंद झाली असती. माझ्या गुडघ्यांना थोडी वाट बघायला लावली, इतकंच.

आज पाण्यातून यांनी विचारलं, पाणी बरोबर आहे ना? पाणी अगदी हवं तसं होतं. यांच्याकडे पाहिलं. सगळी कामं संपलेली, हात मोकळे, चेहऱ्यावर तेच जुनं काय करू. मी म्हटलं, डाव्या बाजूचा फवारा जरा मंद वाटतो. लगेच वाट्या मांडल्या गेल्या, पाना शोधला गेला, आणि आता पलीकडून शीळ ऐकू येते आहे. उद्या उजवीकडचा मंद होणार आहे.

हे पत्र जपून ठेवा, यांच्या हाती पडू देऊ नका. तुम्ही आहात म्हणून आम्ही दोघं आहोत, तेवढं कायम राहू द्या.

तुमची
वहिनी