धावपट्टीच्या तोंडाशी ज्वारी नाही

प्रिय जानू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिली, आता हे तरी पुरं वाच. आपली गीतांजली पास झाली. माझी नात हवाई दलात विमान उडवणार. डाक्टरी तपासणी झाली, परवा बोलावणंही आलं. तिच्या बापानं, अमोलनं, वाटता वाटता निम्मे पेढे स्वतःच खाल्ले. मी अंगणात बसून पोटभर रडली, आनंदानं.

सुट्टीवर आला की तू वैमानिक साहेबायच्या गोष्टी सांगायचा. ते शिडी कशी चढतात, उतरल्यावर पहिले तुमा मेकॅनिक लोकायशी हात कसा मिळवतात. ऐकता ऐकता माझी तव्यावरची भाकर करपायची अन् आई ओरडायची. चौथी शिकलेली मी, पण आवाजावरून विमान ओळखायले तुझ्यापासूनच शिकली. मग त्यातले एक साहेब विमान पडून गेले. इंजिनात पाखरू शिरलं. सकाळी विमान तपासून सही तू केली होती. चौकशीत तुझी काही चूक निघाली नाही, तरी नोकरीची मुदत संपली तशी तू पेटी उचलली अन् अकोल्यात कूलर दुरुस्त करत बसला. सव्वीस वर्षं झाली, वरून विमान गेलं की तू खाली पाहतो. मले दिसत होतं, पण मी बोलली नाही.

तूच सांगितलं होतं, धावपट्टीजवळ दाण्याचं पीक नको, पाखरं जमतात. बेलोऱ्याच्या विमानतळावर विमान शिकणारी पोरं आपल्या शेतावरून जाऊ लागली, तशी मी ज्वारी बंद केली. शेजारच्या देवमनले मात्र बैलासाठी कडबा पाहिजे, तो काही केल्या ऐकेना. मग नाल्याकडचं माझं काळंभोर वावर त्याले ज्वारीसाठी दिलं अन् त्याचं धावपट्टीकडचं मुरमाड मी कपाशीले घेतलं. अमोल दोन दिवस धुसफुसला. गावानं म्हातारीले विमानाचं वेड लागलं म्हटलं. लागलंच आहे, मी कुठं नाही म्हणते. दोन हंगाम झाले, त्या टोकाले एक कणीस नाही. डोक्यावरून एखादं पोरगं नीट उतरलं की मी निंदण सोडून उभी राहते, ऊर असा भरून येतो की विचारू नको.

आता खरं काम सांगते. गीतांजलीले हैदराबादच्या अकादमीत पोचवायचं आहे. बाप तयार आहे, पण तिले बाप नको, जानूआजोबा पाहिजे. ती म्हणते, खाली उभं राहून सही करणाऱ्याच्या भरवशावरच वैमानिक शिडी चढतो, मले त्याच माणसाच्या पाया पडून जायचं आहे. तुझ्या सहीत त्या दिवशी खोट नव्हती, जानू. हे मी तेव्हाच म्हणायले पाहिजे होतं, चुकलं माझं. एकवीस तारखेची अकोल्याहून गाडी आहे, तुझं तिकीट काढलं. मोठी बहीण आहे मी, विचारून नाही राहिली, सांगून राहिली. पोरगी फलाटावर तुझी वाट पाहील.

तुझीच,
मैनाताई