शब्दाच्या धन्याला विचारून

दौंड,
एप्रिल १९९९

प्रिय सर्जा,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण हल्ली तू फोनवर 'हं' आणि 'ठेवतो' एवढंच बोलतोस. सोसायटीच्या वार्षिक सभेत तू आभार मानायला उभा राहिलास की लोक हळूच पायांनी चपला चाचपायला लागायचे, त्या माणसाला हे शोभत नाही. शिरूरच्या वसतिगृहात तुझ्या एका वाक्यात माझी आमटी निवायची. कर्त्यापासून निघालेला तू क्रियापदाला पोचेस्तोवर वाटेत बैल, बाजार, मामाची कोर्टकचेरी सगळं येऊन जायचं. आणि आता 'हं'. सूत्रकार झालास लेका, तेही या वयात.

माझं विचारशील तर (विचारणार नाहीस, म्हणून आपणच सांगतो) शाळा आहे, गुडघा आहे आणि संध्याकाळचा वर्ग आहे. पुण्याच्या पत्रकारितेच्या प्रवेशपरीक्षेला इथली पदवीधर पोरं बसतात, त्यांची तयारी मी करून घेतो. दिलेला उतारा एक तृतीयांशात आणायचा, वर तीनशे शब्दांत निबंध. शब्द जास्त झाले की गुण गेले. संस्कृतच्या मास्तराचं तिथं काय काम, असं स्टाफरूममध्ये विचारतात. मी म्हणतो, अर्धी मात्रा वाचली तर पोर झाल्यासारखे पेढे वाटणाऱ्या व्याकरणकारांचा मी शिष्य. काटकसर आम्ही नाही शिकवायची तर कोणी?

वर्गाची रीत तुला तुझ्या सत्यजीतनं कधीतरी सांगितली असेल. लिहिलं बघ नाव. इथं तू पत्र खाली ठेवशील, ठाऊक आहे मला. पाणी पी आणि पुन्हा उचल.

तर रीत अशी. मुलांच्या जोड्या लावतो. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं कापायचं, कारण आपलं लिहिलेलं कापायला गेलं की माया आड येते. मात्र कापण्याआधी शब्दाच्या धन्याला विचारायचं, हा कशाला हवा? त्याला सांगता आलं तर शब्द राहिला, नाही आलं तर गेला. विचारल्याशिवाय एक कानासुद्धा कापायचा नाही. बाकी मी ढिला आहे, या नियमात नाही.

सत्यजीतची जोडी मी सीमाशी लावली होती. केडगावची पोरगी. वडील बन्सी सणसवाडीला कारखान्यात आहेत, तिथंच खोली घेऊन राहतात, सुट्टीला घरी येतात. ही लिहायची तार पाठवल्यासारखं. तुझा लिहायचा तुझ्यासारखं. दर निबंधाची सुरुवात 'मुद्दा तसा साधा आहे, पण', आणि पुढं पानभर मुद्द्याचा पत्ता नाही. ती विचारायची, "हे 'खरं पाहता' कशाला?" तो म्हणायचा, "सुरवातीला जरा दम घ्यायला." "दम बाहेर जाऊन घे, कागदावर न्हाई." आणि खट्‌कन रेघ. एकदा वैतागून म्हणाली, "तुमच्या घरात समद्यांचंच असं लांबतं व्हय?" तर हा म्हणतो, "आमच्या आप्पांना एकदा ऐक, मी तुला मुका वाटंन." वर्ग हसला, मी सर्वांत जास्त हसलो. पुढं घरी जाताना शटल गाडीतही त्यांचा वाद चालायचा म्हणे. ती केडगावला उतरायची, हा खिडकीतून उरलेलं वाक्य पुरं करत कासुर्डीसाठी पुढं यवतला जायचा.

गेल्या ऑगस्टात तुमच्या फाट्यावर ट्रकखाली त्याची मोटरसायकल गेली. त्याबद्दल तुला मी काय सांगू.

सीमा काही आठवडे आली नाही. मग आली, आणि लिहायला लागली. पहिला निबंध हातात घेतला तर सुरुवात 'मुद्दा तसा साधा आहे, पण'. मी वर नाव पाहिलं. नाव तिचं, अक्षर तिचं. पुढं तुझी विहीर होती, लाथ घातल्याशिवाय चालू न होणारी मोटर होती, तुळजावहिनी कोंबड्यांना नणंदांच्या नावांनी शिव्या घालतात तेही होतं. ही पोरगी तुझ्या विहिरीवर कधी आलेली नाही. दुपारची वेळ, मी व्हरांड्यात वाचत बसलेलो, आणि तो शेजारच्या खुर्चीत बसून वाचून दाखवतोय असं वाटायला लागलं. तोच दम, त्याच जागी. भुताला विभक्ती कशी लावायची तेवढं मला येतं, त्यापलीकडे भुताशी माझा संबंध नाही. पण त्या दिवशी मी मान वळवून खुर्ची पाहिली.

तेव्हापासून दर आठवड्याला हेच. विषय दुष्काळ असो नाहीतर निवडणूक, तीनशे शब्दांचे नऊशे होतात, आणि त्यांतले तिचे फार तर पन्नास. बाकावर कडेला बसते, शेजारची जागा मोकळी ठेवते. नवीन मुलंही तिथं बसत नाहीत, त्यांना कुणी काही सांगितलेलं नसताना. मी रोहनला तिच्या जोडीला दिलं. गुणी मुलगा आहे. त्यानं विचारलं, "हे वाक्य कापू का?" ती म्हणाली, "ते माझं न्हाई. त्याच्या धन्याला इचार." रोहननं त्या दिवसापासून जागा बदलली.

मी तिला बाजूला घेऊन समजावलं. म्हटलं, परीक्षेत तपासणारा कुणालाच विचारत नाही, सरळ शून्य देतो. ती शांतपणे म्हणाली, "सर, नियम तुमचाच हाय. इचारल्याबिगर कापायचं न्हाई. आता मी कुणाला इचारू?" इतकी वर्षं शिकवतोय, पण इतकं नेमकं वाक्य माझ्या वर्गात कुणी बोललं नव्हतं.

वर्गातली नक्की नंबर लागणारी ती एकटी होती, सर्जा. सगळ्या सराव परीक्षांत आता ती नापास होते. बन्सीनं स्थळं परीक्षेपर्यंत थोपवून धरली आहेत, त्यापुढं त्याच्यानं धरवणार नाहीत. परीक्षा मेअखेरीस आहे.

मी बराच विचार केला. ती कापायला विसरलेली नाही. दुसऱ्यांचे उतारे अजूनही असे छाटते की मीच वही मिटून घेतो. फक्त हे कापलं की तो बोलायचा थांबेल, असं तिला वाटतं. आणि तिचं काय चुकलं? दिवाळीत मी तुझ्याकडे आलो होतो. भिंतीवर फोटो नाही, खुंटीवर शर्ट नाही. जेवताना मी त्याचा विषय काढला तर तू उठून गोठ्यात गेलास. वहिनी हातावर पाणी घालताना म्हणाल्या, "त्याचं नाव काढलं की ह्यांना सोसत न्हाई, भावजी. मी बी आता मनातच बोलती." मी आयुष्यभर सारांश शिकवला, पण पोटच्या पोराचा इतका सारांश कुणी केलेला पाहिला नव्हता. तुला बोल लावत नाही. पण तुझ्या घरातून हाकललेले ते सगळे शब्द कुठंतरी जाणारच. ते केडगावला गेलेत, आणि ती पोर एकटी सांभाळतेय.

दहाव्याला ती आणि बन्सी आले होते, तुला आठवत असेल किंवा नसेल. आवाराच्या कडेला उभे होते. तुझ्या भावकीतल्या कुणीतरी विचारलं, "कोण गं तू, कुणाची?" ती म्हणाली, "वर्गातली." वहिनींनी त्यांना पाणी द्यायला तांब्या उचलला, तू वहिनींकडे पाहिलंस, त्यांनी तांब्या खाली ठेवला. बापलेक उन्हातून फाट्यापर्यंत चालत गेले. त्या दिवशी तू शुद्धीत नव्हतास, मान्य. पण ती नुसती वर्गातली नव्हती. आणखी काय होती, ते मी विचारलेलं नाही. मास्तरानं विचारू नये असं काही असतं. बापानं विचारावं.

म्हणून लिहितोय. येत्या रविवारी मी तिला आणि बन्सीला घेऊन कासुर्डीला येतो आहे. नको म्हणायचं असेल तर आधी कळव. पण तुला तेवढ्यासाठी एक अख्खं वाक्य बोलावं लागेल, म्हणून मी निश्चिंत आहे. त्यांना आवारात उभं ठेवू नकोस, आत बसव. चहा तुमच्या रोजच्या कपांतून दे, वेगळ्या ठेवलेल्या नको. वहिनींनाही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसू दे. ती आधी गप्प राहील आणि मग सुरू होईल, आणि ते फार लांबेल. त्यात तू असशील, तुझी मोटर असेल, आणि तुला माहीत नसलेला तुझा मुलगा असेल. उठून गोठ्यात जाऊ नकोस. सांत्वन वगैरे तुला जमायचं नाही, ते करूही नकोस. ती मध्येच अडेल, तिथं तू फक्त "मग?" म्हण.

तुझाच,
दिगंबर