सनमायका लावलेला तुकडा

प्रिय अप्पा,

तुम्ही पाठवलेला प्लायवुडचा तुकडा मिळाला. मी सांगितलं होतं, कारखान्यातल्या तुमच्या प्रेसमधून निघालेला ताजा, कच्चाच हवा. तुम्ही मात्र दोन्ही बाजूंनी सनमायका चढवून, कडांना पट्ट्या मारून धाडलात. वर निरोप, "चार शिकलेल्या माणसांत आपलं काम उघडंबोडकं कसं पाठवायचं?" प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. अहो, आम्हाला गोंदातून सुटणारा फॉर्माल्डिहाइड वायूच तर हवा होता, आणि तुम्ही तो आत कोंडून टाकलात. शेवटी मी करवत घेतली. तुमच्या हातचं काम कापताना जीव खालीवर झाला.

ते तुकडे दोन काचपेट्यांत ठेवले. एकीत साधं रोप, दुसरीत आमचं. एका जिवाणूला हा वायू पचवता येतो. तो ज्या एन्झाइमांनी पचवतो, ती आता, त्याची जनुकं आत घातल्यामुळे, आमचं रोप स्वतः बनवतं. साधं रोप पिवळं पडलं, आमचं हिरवंगार राहिलं. पेटी उघडून मी आत नाक घातलं, तर तो वास नव्हता. लहानपणी तुमच्या शर्टाला यायचा, तो. तुम्ही कामावरून यायचात ते डोळे पुसतच, आणि मला वाटायचं, साहेब रागावले. मग मी माझा खाऊ तुमच्यापुढे ठेवायचे. तुम्ही अर्धा खायचात आणि खरं कारण सांगायचा नाहीत. लबाडच तुम्ही.

आईवर चिडू नका, मीच तिला खोदून विचारलं. तुमच्या नाकातून रक्त येतं. साहेबांनी बाहेर मोकळ्यावर लाकूड निवडायचं काम देऊ केलं, तर तुम्ही म्हणालात, "पोरीचं झाड येतंय, तोवर प्रेस सोडत नाही." सगळ्या खात्याला सांगत सुटलात म्हणे.

अप्पा, माझं रोप एक पेटी साफ करतं. तुमच्या प्रेसमधून दिवसभर उसळणारा वायू त्याला झेपणार नाही. कधी झेपेल, मलाही माहीत नाही. मी हे काम सोडणार नाही, पण तुम्ही त्याच्या भरवशावर तिथे उभे राहू नका. साहेबांना हो म्हणा, आईबरोबर डॉक्टरांकडे जा. एवढ्यासाठीच हे पत्र. आणि रोप प्रयोगशाळेबाहेर न्यायची परवानगी नाही, म्हणून रविवारी मीच येतेय. दार तुम्ही उघडा. शर्टाला नुसत्या लाकडाचा वास यायला हवा.

तुमचीच,
अर्ध्या खाऊची वाटेकरीण