राणी उंच, राजा बुटका

प्रिय शिडे,

तुझं लग्न ठरलंय हे मला तुझ्या मावशीने भाजीबाजारात सांगितलं, वांगी निवडता निवडता. मुलगा इंजिनिअर आहे आणि खूप उंच आहे म्हणे. उंची दाखवताना तिने हात असा वर नेला की मला वाटलं पंखा पुसतेय. मी म्हटलं, छान. घरी येऊन आईवर उगाच खेकसलो.

तू गाव सोडून गेल्यावर आपल्या किनाऱ्याचं काय झालं ते ऐक. लाकडी धक्का तोडला. पाळणे, फुगे फोडायचं दुकान, तुझ्या बाबांचा फोटोचा स्टॉल, सगळं साफ. आता गुळगुळीत फरशी आणि स्टीलचा कठडा. समुद्र दवाखान्यात भरती केल्यासारखा दिसतो, लांबूनच बघायचा. मी नव्या हॉटेलात नळ दुरुस्त करतो. परवा 'येथे बसू नये' ही पाटी मॅनेजरच्या खुर्चीला बांधली. साहेब बराच वेळ उभेच. पण शेजारी तू नव्हतीस, मग कसली मजा.

स्टॉलवरची ती भोकात तोंड घालून फोटो काढायची राजा-राणीची फळी मात्र मी तोडणाऱ्यांच्या हातातून ओढून आणली. माझ्या खोलीत उभी आहे. आई म्हणते, घरात दोन बिनडोक्याची आणलीस, तिसरा तू आहेसच. पेंटरने तोंडाची भोकं आधी पाडली आणि रंगवताना राणी चुकून उंच भोकाखाली काढली, आठवतं? नवरे बिचारे राणीच्या मुकुटाखाली तोंड घालायचे आणि बायका राजाच्या मिशांवर. तुझ्या बाबांनी ती चूक कधी सुधारली नाही, लोक हसायलाच तर यायचे. कोणी उंच बाप्या दिसला की आपण म्हणायचो, राणीसाहेब आले. त्या फळीत धड बसणारी जोडी एकच, तू आणि मी. गिऱ्हाईक नसलं की बाबा आपल्यालाच नमुना म्हणून उभं करायचे. तू वरून माझ्याकडे बघून हसायचीस आणि मला वाटायचं, बुटका आहे तेच बरं.

त्या इंजिनिअरचं तोंड मी बघितलेलं नाही, तरी मला ते आवडत नाही. दाढी करताना आरशात मागची फळी दिसते आणि राजाच्या भोकात तोच येऊन बसतो. कमरेत वाकून का होईना, पण तुझ्या शेजारी. दोनदा गाल कापून घेतला.

काल मावशी घरी आली. फळी पाठवून दे म्हणाली, लग्नाच्या हॉलच्या दारात ठेवायचीय, पाहुणे फोटो काढतील. करवत घेऊन फळीचे तुकडे करावेत असं मनात आलं होतं. केले नाहीत. पण पाठवणारही नाही. रविवारी टेम्पोत तिला धरून बसून स्वतः घेऊन येतोय. तुझ्या दारात उतरवीन आणि आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा न करता तुला विचारीन. नाही म्हणालीस तर फळी तुमची, मी आल्या टेम्पोने परत. फक्त ते नाही तू म्हणायचंस, मावशीने नाही.

अजून तरी तुझाच,
टिल्लू