ट्वेटांच्या शेतात रुतलेलं चर्च

मी, कुमारी आल्विना ट्वेट, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार ओस्टरडाल, मिनेसोटा, माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी ते लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणून पाहिलं गेलं, त्याचा उल्लेख पुढे येईल.

१. राहतं घर सामानासह माझा भाचा डेल्मर ट्वेट यास द्यावं. मुलगा वाईट नाही. चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तसा दिसतो, एवढंच.

२. माझ्या बचतीतून पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नाव नव्याने रंगवून घ्यावं. रंगाऱ्याने गाळलेलं अक्षर सभांमधून चर्चेला येत येत परंपरा होऊन बसलं आहे. उरेल ते वाचनालयाला.

३. चर्चखालची जमीन. इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण चर्चसमोरच्या पितळी पाटीवरचा खोटा आहे. पाटी म्हणते, पूर्वजांनी प्रार्थना करून ही जागा निवडली. खरं असं, की ओढ्याच्या पूर्वेकडच्यांचं आणि पश्चिमेकडच्यांचं हाडवैर होतं, आणि चर्च पूर्वेला होतं. एका हिवाळ्यात पश्चिमेकडच्यांनी ते पायापासून उचललं, ओंडक्यांच्या घसरगाडीवर चढवलं आणि घोडे जुंपून निघाले. वाटेत बर्फ वितळलं आणि चर्च माझ्या आजोबांच्या शेतात, चिखलात रुतलं.

पाद्री म्हणाले, "टोर्केल, देवाचीच इच्छा दिसते."

आजोबा म्हणाले, "देवाची असेल, पण शेत माझं आहे."

तरी त्यांनी ते राहू दिलं. कागद कुणी केला नाही. मग भोवती दुकान आलं, शाळा आली, धान्याचं उंच कोठार आलं. गावात ऐतिहासिक म्हणून जे जे दाखवतात, ते सगळं त्या चिखलाच्या कृपेने.

त्या चर्चचा ऑर्गन मी जन्मभर वाजवला. हल्ली बाकांपेक्षा माणसं कमी. गेल्या वर्षी मंडळाने ठरवलं, चर्च शहरातल्या एका गृहस्थाला लग्नाचा हॉल करायला विकावं. त्याच्या वकिलाने कागद तपासले, आणि डेल्मर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी कॉफी ओतली.

"आत्या, ती जागा चर्चच्या नावावर नाहीच! तुझ्या नावावर आहे."

"ठाऊक आहे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

त्याने सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, रोझाल्बाच्या मंडळींना का देत नाही? रोझाल्बा किरोगा गावातलं एकुलतं एक कॅफे चालवते. टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात राबणारी तिची माणसं पशुखाद्याच्या बंद दुकानात प्रार्थनेला जमतात. रविवारी दुपारपुरतं त्यांनी चर्च मागितलं होतं. मंडळाने "विचार करतो" म्हटलं, म्हणजे नाही म्हटलं.

"आत्या, ते स्पॅनिशमध्ये प्रार्थना करतात गं."

"तुझे पणजोबा कशात करायचे?"

"ते वेगळं. ते नॉर्वेजियन होतं."

"मग देवाला दोनच भाषा येतात म्हणायच्या."

त्याने मुकाट्याने कॉफी संपवली. आमच्याकडे यालाच कडाक्याचं भांडण म्हणतात.

पुढच्या रविवारी मी त्या दुकानात गेले. एक शब्द कळला नाही. पण बाकावर सरकून बसावं लागलं, दोन्ही बाजूंनी माणसांचे खांदे लागत होते. आमच्या चर्चमध्ये मला कुणाचा खांदा लागून किती वर्षं झाली, आठवेना. घरी येऊन हे लिहायला घेतलं.

सबब, ती जमीन रोझाल्बा किरोगा व तिच्या प्रार्थनामंडळास द्यावी. इमारत डेल्मरच्या मंडळाची आहे, ती मी कोण देणार? त्यांना हवी असेल तर उचलून न्यावी. ओंडक्यांची ती घसरगाडी आमच्या गोठ्यामागे अजून शाबूत आहे. ती डेल्मरला देते. घोडे त्याचे त्याने पाहावेत.

४. पितळी पाटी काढू नये. थापा मारायलाही गावाला एखादी पक्की जागा लागते.

५. माझा अंत्यविधी रोझाल्बाच्या मंडळींनी करावा, त्यांच्याच भाषेत. बसायला जागा पुरू नये इतकी माणसं यावीत. माझी अडचण होणार नाही. मी आडवी असेन.

हे मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि एकही शब्द मागे न घेता सही केली. साक्षीला डेल्मर तयार होता. तिसऱ्या कलमानंतर नव्हता.

(सही) आल्विना ट्वेट

साक्षीदार:
मार्लिस एंगेब्रेट्सन, शेजारीण
हार्लन फिफर, धान्यकोठाराचे व्यवस्थापक

ओस्टरडाल, १४ मार्च २०१९